सासूबाईंच्या माहेरचा इंग्रजी शब्द

माझी मुलगी पुण्याच्या कंपनीत आहे, पण तिचे साहेब लंडनला बसतात. गेल्या एप्रिलमध्ये ती लॅपटॉप घेऊन बुऱ्हाणपूरला आली आणि इथल्या लालबाग भागातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर तिने ऑफिस थाटलं. एका दुपारी तिचा साहेब वैतागून काहीतरी ‘डूलॅली’ म्हणाला. मी स्वयंपाकघरात कान टवकारले. इतकी वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतेय, पण या शब्दाशी कधी गाठ पडली नव्हती. आणि नव्या शब्दाचं मूळ कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

कॉल संपताच तिला गाठलं.

“अगं मम्मी, कुणाचा दिमाग घुमला ना, तर तसं म्हणतात ते.”

“पण आला कुठून?”

तिने फोनवर शोधलं आणि खो खो हसत सुटली. “आजी! तुझ्या माहेरातून आलाय!”

सासूबाई पलंगावर बसून सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होत्या. दोन दिवसांवर आखाजी होती, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. त्यांचं माहेर देवळालीचं. इंग्रजांच्या काळी तिथे गोऱ्या सोजिरांची छावणी होती आणि साहेबाच्या जिभेवर देवळालीचं डूलॅली झालं. पूर्वी त्याला ‘टॅप’ अशी शेपटीही जोडत. तो टॅप म्हणजे आपला ताप, असं म्हणतात. मला तर गुप्तधन सापडल्यासारखं झालं. तेवढ्यात आमचे हे दुकानातून जेवायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तरीच! बाबा उगीच नव्हते म्हणत, देवळालीचं पाणीच वेगळं.”

सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “माह्या माहेराले येडं म्हणतेत काय तुमचे साहेब? सांग त्याले, एकदा येऊन पाह्य म्हणा!”

चाळणी बाजूला आपटून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. माहेरावर कुणी बोललेलं त्यांना आजही खपत नाही, आणि मला त्यांची ही आग मनापासून आवडते. मी जवळ बसून पुढचं वाचून दाखवलं. नोकरी संपलेले सोजीर विलायतेला परतण्याआधी तिथे येऊन थांबत. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटत. ती चुकली की छावणीत नुसतं बसून राहायचं. काम नाही, वरून ऊन, आणि रोज तीच वाट बघायची. त्यात काहींची डोकी फिरत.

सासूबाई वळल्या. “घरी नेयाले जहाजच नाही आलं त्यांले?”

“नाही ना, आई.”

“मग येडे कशाचे? घरी जायाचं होतं त्यांले.”

त्यांनी पदराने डोळे पुसले. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते आणि तिला न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. सासूबाईंचे भाऊ शेवटपर्यंत न चुकता आले. ते गेल्यावर मात्र त्या देवळालीला गेल्याच नाहीत. मी कितीदा म्हटलं, चला, मी येते सोबत, सकाळची गाडी आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं: “बोलावणं नसता माहेरी जाऊ नये.”

मी गच्चीवर जाऊन त्यांच्या भाच्याला फोन लावला. तावातावाने बोलायचं ठरवलं होतं, पण त्यानेच मला गप्प केलं. “वहिनी, आत्याला बोलावणं कशाला लागतं? तिचंच घर आहे. आम्हाला वाटलं, बाबा गेले आणि तिची माया आटली. दर आखाजीला आई तिच्या नावाचं ताट वाढून ठेवते.”

मला हसू आलं आणि रागही आला. इकडे सासूबाई वाट बघताहेत, तिकडे ते बघताहेत, आणि मधून दिवसभर गाड्या धावताहेत! “ताट राहू दे,” मी म्हटलं, “मुराळी होऊन ये.”

आखाजीच्या आदल्या सकाळी तो दारात उभा राहिला. मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. चालण्यात, उभं राहण्यात तो हुबेहूब बापावर गेलाय. “आलास?” एवढंच त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी साडी बदलली आणि पलंगाखालून पिशवी ओढली. ही पिशवी मी दर उन्हाळ्यात पाहत आले होते. कपड्यांना ऊन दाखवायला काढली असेल, असं मला वाटायचं. भाच्याने ती उचलली, आत पाहिलं आणि तो चकित झाला. घड्या घातलेल्या साड्या, औषधांचा डबा, वर भावजयीसाठी खण, सगळं जागच्या जागी होतं.

“आत्या, मी येणार हे तुला कुणी सांगितलं? पिशवी कधी भरलीस?”

सासूबाई चपला घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दर आखाजीले भरते.”