तिसऱ्या दिवसाचा कागद

झुरैकच्या हातून हरीसा सांडली, ती नेमकी मेलेल्या माणसाच्या कागदांवर. दमास्कसच्या बाजार-तपासनिसाचा हा चाळिशीतला कारकून ते कागद घेऊन मुख्य हकिमांकडे निघाला होता. वाटेत गहू-मटणाच्या त्या लापशीचा वास आला आणि पोटाने सरकारी कामावर कुरघोडी केली. कागद मांडीवर, वाडगा कागदांवर, आणि वाडग्याला धक्का त्याच्याच कोपराचा. घाईघाईने त्याने बाहीने पुसलं, तेव्हा उरलीसुरली शाईही गेली. चार दिवसांच्या चार कागदांपैकी तिसरा साफ काळा.

शहराचा रिवाज असा, की हकिमाने रोज रोग्याची लक्षणं, औषध आणि पथ्य लिहून तो कागद घरच्यांकडे ठेवायचा. रोगी उठून बसला, तर त्या कागदात खुशाल पुड्या बांधा. गेला, तर तेच कागद मुख्य हकिमांपुढे जातात आणि चूक कुणाची ते ठरतं.

गेला होता लोकरीचा व्यापारी बख्तियार. औषध होतं हकीम गुनैम यांचं. सत्तरीचे, झग्याला ठिगळं, आणि लिहिण्याची खोड अशी की रोग्याने शिवी दिली तर तीही टिपून ठेवत. पुढे शेरा : 'शिवी जोरात दिली, फुप्फुसं ठीक.'

मुख्य हकिमांपुढे बख्तियारचा भाऊ तावातावाने बोलत होता. "हिनेच मारलं माझ्या भावाला! पथ्य मोडून टरबूज चारलं!"

"भावोजी, हकीमसाहेबांनीच सांगितलं होतं," बख्तियारची बायको तुर्फा म्हणाली.

"कुठे लिहिलंय? दाखव!"

लिहिलं होतं तिथे आता लापशी होती. झुरैकने मान खाली घातली. पण मुख्य हकिमांनी तो काळा कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. गुनैम म्हणजे त्यांचे तीस वर्षांचे सोबती.

"वाचता येत नाही. तेव्हा हकिमाचा दोष सिद्ध होत नाही. बाईंनी पथ्य सांभाळलं असतं तर... असो."

आपल्या धांदरटपणातही काही पुण्य असतं, असं झुरैकला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"असो काय, असो?" गुनैम उठले. "मला येतं वाचता, लिहिलंय मी! तिसऱ्या दिवशी टरबूज द्या म्हणून मीच सांगितलं. आणि जुलाब दिला, तो त्या अशक्त माणसाला झेपणारा नव्हता. संध्याकाळी खाली लिहिलं, 'मात्रा चुकली.'"

"गुनैम, बसा. वय झालं की आठवणी दगा देतात."

"असं? मग तुमच्या पहिल्या रोग्याला तुम्ही कुठला काढा पाजला होता, ते सांगून बघू?"

मुख्य हकिमांना खोकला आला. "अहो, लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडेल!"

"दर गुरुवारी पोरांना शिकवता, रोग्याच्या घरच्यांशी खोटं बोलू नये. आज बुधवार म्हणून चालतं वाटतं?"

"तुमची हकिमी जाईल!"

"जाऊ दे. ती माझी आहे, मी घालवतो. हिची अब्रू माझ्या बापाची नाही, ती मला घालवता येत नाही."

त्यांनी झुरैकची लेखणी ओढून घेतली, तिथेच मांडी ठोकून अख्खा कागद पुन्हा लिहिला आणि भावापुढे सरकवला. "वाच, मोठ्याने. टरबुजाची ओळ दोनदा वाच."

त्याने वाचली. दुसऱ्यांदा आवाज बराच खाली आला होता.

तुर्फाने आभार मानले नाहीत. ती गुनैमकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुम्ही मारलंत त्यांना."

"हो, पोरी."

निकाल लागला. वर्षभर कुणाला औषध द्यायचं नाही. गुनैमनी आपली सनद काढून ठेवली आणि ताठ मानेने बाहेर पडले. झुरैक मागे धावला. त्याला राहवेना.

"हकीमसाहेब, जरा गप्प बसला असता, तर वर्षभरात शंभर माणसं बरी केली असती तुम्ही! शंभर! याचा हिशेब कोण करणार?"

गुनैम थांबले.

"त्या शंभरांत ती बाई धरलीस का?"