शेवटच्या बाकावरचा सूर

आणीबाणी उठली त्या वर्षी नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये एक गृहस्थ पेटी वाजवत आणि त्यांची बायको व दोन मुली गात. हेच चौघं शहरातल्याच द्वारका भागातल्या लग्नांत सिनेमातली प्रेमगीतं गायचे. तिथेही ते चपला काढून, नीट जोडून ठेवून मगच स्टेजवर चढत.

मी एकदा म्हटलं, "अहो, ही तर सिनेमाची गाणी."

"मुलींना मी गायची एकच रीत शिकवलीय," ते म्हणाले.

रविवारच्या गीतांत लग्नातला ठेका येतो म्हणून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी त्यांना गायनमंडळातून काढलं. पुढच्या रविवारी ते चपला दारात जोडून ठेवून कुटुंबासह शेवटच्या बाकावर बसले.

पुढे उभ्या असलेल्या आमच्या गायनमंडळाचा सूर पहिल्याच कडव्यात घसरला. दुसऱ्यापासून आम्ही शेवटच्या बाकाचा सूर धरला, ठेक्यासकट. पंचांनीही.