दारामागचं नेलकटर

दूध डेअरीत तिला सगळे तोफ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने. क्रेट धुण्याच्या खात्यात ती बारा वर्षं होती आणि या बारा वर्षांत तिने कुणाचं काही ऐकून घेतल्याचा एकही साक्षीदार सापडणार नाही. पाणी कोमट आलं, तोफ डागली. साबण पातळ केला, तोफ डागली.

एका गोष्टीवर मात्र ती कधी बोलली नाही, आणि नेमकी तीच बोलण्याजोगी होती. गमबूट. फरशी कायम ओली, म्हणून बूट कंपनीचे. पण ते माणशी नव्हे, मापाप्रमाणे. पाच नंबरचे तीन जोड आणि तिन्ही पाळ्यांत मिळून पाच नंबरच्या पायाच्या बाया नऊ. एकीने काढले की दुसरीने ते तसेच दमट, गरम पायांत चढवायचे. वर्षभरात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, कातडी पांढरी होऊन सोलायची. मग अंगठ्याचं नख कडेने पिवळं पडायचं, जाड व्हायचं, खालून भुसा निघायचा. या घाणीला त्या खात्यात 'पक्कं नख' म्हणत. जिचं नख पक्कं ती जुनी, तिने नवीला काम शिकवायचं. तोफेच्या दोन्ही अंगठ्यांची नखं पक्की होती आणि बाईसाहेबांना त्याचा अभिमान होता. अशा अभिमानाला काय म्हणावं?

नवरा गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, घरात ती आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंना शुगर, गुडघे वाकत नाहीत, म्हणून दर रविवारी तोफ त्यांचे पाय मांडीवर घेऊन नखं कापायची. दारामागच्या खिळ्याला सुतळीने बांधलेलं एकच नेलकटर होतं. आधी स्वतःची नखं, मग त्यांची, कोपऱ्यांत शिरून अगदी गोल. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा अंगठा पिवळा पडला, तेव्हा तिने निकाल देऊन टाकला, "वय झालं की होतं असं." औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम वरून चोपडलं, विषय संपला.

यंदा ते जाड नख कडेला चिरलं. अंगठा टरारला, लाली पावलावर चढली, ताप आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लालीभोवती पेनाने रेघ ओढली आणि सासूबाईंना दाखल करून घेतलं.

"लाली या रेघेच्या आत राहिली तर ठीक. पुढे गेली तर अंगठा वाचवणं अवघड आहे," त्या म्हणाल्या. "नखात जुनी बुरशी आहे. नख फाटलं, तिथून जंतू आत शिरले. शुगरच्या माणसाला एवढी फट पुरते. आता तुमचे पाय दाखवा."

"माझं काही नाही. माझं पक्कं नख आहे."

"पक्कं कसलं? हीच बुरशी आहे." त्यांनी नखाचा तुकडा तपासायला घेतला. "मलम नखाच्या खाली पोचत नाही. तपासणीत बुरशी निघाली तर काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील, त्याआधी लिव्हरसाठी रक्त तपासू. नवं नख पूर्ण यायला वर्ष तरी जाईल. आणि पाय कोरडे ठेवा. दुसऱ्याचे बूट घालता का?"

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच डेअरीत गेली आणि सुपरवायझरच्या टेबलावर गमबुटाचा जोड आपटला.

"बारा वर्षं आम्हाला सडवलंत. माझ्या सासूचा अंगठा जाईल उद्या. कोण देणार तो?"

सुपरवायझर मठ्ठ माणूस, पण त्या दिवशी त्याने नेमकं विचारलं, "बाई, बुटांचं मी वर कळवतो. पण तुमच्या सासूबाईंनी आमचे बूट कधी घातले?"

बारा वर्षांत पहिल्यांदा तोफेतून नुसता धूर निघाला. घरी येऊन तिने दार लोटलं. नेलकटर खिळ्याला लटकत होतं आणि त्याच्या पात्यात पिवळा भुसा अडकलेला होता. कंपनीने नऊ बायांना तीन जोडांत कोंबलं होतं. तिने घरात दुसरं काय केलं होतं? स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. तिने सुतळी तोडली आणि नेलकटर कचऱ्यात फेकलं.

तिसऱ्या दिवशी लाली रेघेपासून बोटभर मागे आली. अंगठा वाचला होता. तोफ खाटेशेजारी स्टुलावर बसली.

"आई, हे माझ्यामुळे झालं. त्या नेलकटरमुळे."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते. दोन वर्षांपूर्वी, मला वेगळं आण म्हणून. तू म्हणालीस, माझी किळस येते का तुम्हाला? आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस." सासूबाईंचा आवाज चढला. तो चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. "तुला काही सांगायची सोय आहे का कुणाला? पाय सडला तरी चालेल, पण तुझं तोंड नको, असं झालं होतं मला."

तोफेने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

डेअरीत तिने भांडून प्रत्येकीला वेगळा जोड मिळवला, त्यावर रंगाने खुणा केल्या आणि 'पक्कं नख' म्हणणाऱ्या पहिल्या बाईला असं फैलावर घेतलं की तो शब्दच खात्यातून गेला. तिथे तिचा राग कामी आला.

घरी आलेल्या सासूबाईंनी महिन्याभराने, एका रविवारी, धड पाय पुढे केला. आजारी अंगठ्याच्या पायाला तिने हात लावायचा नव्हता, ते डॉक्टरीणबाईंचं काम. नेलकटर नवं होतं, फक्त त्यांचं. तोफेने पाय धुतला, बोटांच्या मधून कोरडा केला आणि पहिलं नख धरलं.

"कोपऱ्यात नको शिरूस," सासूबाई म्हणाल्या. "बारा वर्षं दुखतंय मला."

राग तिच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. तिने तो गिळला आणि विचारलं, "अजून काय काय दुखतं, आई?"

सासूबाई सांगायला लागल्या. यादी मोठी होती.