माहेरचं लुगडं येईपर्यंत

आईला जाऊन चार महिने झाले. लोक म्हणतात, राग हळूहळू ओसरतो. माझा ओसरला नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याच्या पेशी आम्ही वाढवतो. सपाट प्लास्टिकच्या बशीत त्या जगतात, पण बिघडतात. पडद्याच्या मधल्या थरातली पेशी प्लास्टिकवर एकटी ठेवली की ती जखम झाल्यासारखी ताणली जाते आणि व्रण घडवायला लागते. म्हणून आम्ही तिला मऊ जेलमध्ये ठेवतो. वर बाहेरच्या थरातल्या पेशी, आजूबाजूला मज्जातंतूंच्या. शेजार मिळाला की ती शांत राहते. मग त्या जेलवर मुद्दाम ओरखडा काढायचा आणि व्रण कसा धरतो ते दिवसेंदिवस पाहायचं, हे माझं काम. पेशी मिळतात त्या लोकांनी मरणोत्तर दिलेल्या डोळ्यांतून. ज्यांचं रोपण करता येत नाही ते डोळे आमच्याकडे येतात.

आईच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. पासलीला, आमच्या गावी, खाचरात भात कापताना रोपाचं पातं लागलं. कुणीतरी दिलेले थेंब तिने आठवडाभर घातले आणि डोळा पांढरा झाला. मी तेव्हा दहावीत होते. पुढे माझं काम तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे फुटका डोळा तुज्या कामाचा आन चांगला दुसऱ्या कुणाच्या. मग दोन्ही न्या की." प्रयोगशाळेला ती दुकान म्हणायची. लावणीला आलेल्या बायांना सांगायची, "माजं डोळं पोरीच्या दुकानात जायचं हायेत." सगळ्या हसायच्या. दादाही हसायचा.

ती सकाळी साडेपाचला गेली, घरीच. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. मी पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सरकवली, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीला फोन केला. नऊ वाजता दोघं जण पेटी घेऊन आले.

चुलती दारातच आडवी उभी राहिली. "माहेरचं लुगडं आल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

"काकू, साडेअकराला वेळ संपते."

"डोळं काय कुठं पळून चाललेत व्हय? भावाला न इचारता भनीचं डोळं काढायचं? मामा निगालाय सारोळ्याहून. येऊ दे त्याला."

"मग फोनवर विचारते."

"असलं फोनवर इचारत्यात का? शिकून हेच शिकलीस?"

मी दादाकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "तासाभराचा तर सवाल हाय."

मामांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. संमतीच्या कागदावर मुलगी म्हणून माझी सहीसुद्धा चालली असती. मी ओसरीवर जाऊन बसले. त्या दोघांना चहा दिला. त्यांच्यातला एक जण दर थोड्या वेळाने घड्याळ बघायचा आणि माझ्याकडे बघणं टाळायचा. बारा वाजता त्यांनी पेटी उचलली आणि हात जोडून निघून गेले.

मामा साडेबाराला आले. नसरापूरला लुगड्याच्या दुकानाच्या पायरीवर ते तासभर बसून होते. दुकान उघडलं नव्हतं आणि बहिणीकडे रिकाम्या हाताने येणं त्यांना जमलं नसतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी लुगडं खाली ठेवलं. "आरं, माज्यासाठी कशाला थांबलात? मला म्हायती हुतं की. तिनंच सांगितलेलं. एक फोन करायचा हुता, म्या हो म्हणलो असतो."

चुलती लुगड्याची घडी मोडत म्हणाली, "जाऊ द्या, तिच्या नशिबात न्हवतं."

नशीब! सकाळभर एक अख्खं घर दारात उभं राहून जे करतं, त्याला नशीब म्हणायचं. मी तेव्हाही काही बोलले नाही. वाचलेलं, शिकलेलं सगळं असलं की आवाजही येतो असं आईला वाटायचं. तिचं चुकलं.

दहाव्याला, जेवणं उरकल्यावर, मी नेत्रदानाचे कोरे अर्ज भावकीसमोर ठेवले. कुणी हात लावेना. मामा म्हणाले, "माजं लिही. मोतीबिंदू झालाय, चालतंय का?"

"चालतं," मी म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाले, "पण मामा, तुमच्या वेळी मी कुणाचीही वाट बघणार नाही. दारात कुणी आडवं आलं तर ढकलून आत जाईन."

"आत्ताच मारतीस व्हय मला?" मामा म्हणाले. कुणी हसलं नाही. चुलती ताट उचलून आत गेली. दादा तिथेच बसून राहिला.

मी मामांचा अंगठा घेतला नाही, पेन दिलं. त्यांनी सही केली. साक्षीदाराच्या दोन जागा होत्या. एकीवर मी नाव घातलं, कागद दादाच्या पुढ्यात सरकवला आणि त्याने पेन उचलेपर्यंत तिथून हलले नाही.