चौथं लिंबू

माझ्या पिकअपला मोठे, खोल खाचांचे टायर बसवायचे म्हणून मी तुर्भ्याला गेले. टायरवाला माझ्याशी बोलायचं सोडून मागे कोणी साहेब आहेत का ते बघत होता. "गाडी माझी आहे, माझ्याशी बोल," मी म्हटलं, तेव्हा कुठे बोलला. चारही टायर चढेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाहीत ना, हे स्वतः वाकून पाहिलं.

घरी आणली तेव्हा गाडी चांगली दोन बोटं उंच झाली होती. आईने ओवाळलं आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं. मी गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. चौथं, सगळ्यात लहान, टायरच्या खाचेत बसलं आणि जरासं चेपून तसंच बाहेर पडलं.

"अगं बाई, अपशकुन!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "काकू, खाच किती खोल आहे ते बघा ना आधी!"

खाडीकाठच्या गावात जन्म गेलेल्या माझ्या आईने ते लिंबू उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"चाकाखाली आलेलं पन वाचलं, म्हंजे गाडी चांगली हाय. चल, मला फिरव."

मी तिला चढवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, लुगडं खोचलं आणि माझ्या नव्या टायरवर पाय देऊन एकटीच वर चढली.