भरदुपारचा अंधार

कुणाच्याही घरी गेले, की अण्णा आधी स्वयंपाकघरातली सुरी मागून घेत, पात्यावर आडवा अंगठा फिरवत आणि सांगून टाकत, "ह्ये पातं न्हाय, पावणं. ह्यो पत्रा हाय." घर नव्या ओळखीचं असो की जुन्या, निकाल तोच. चहा मात्र तरीही मिळायचा.

कळंब्यात ते माझे शेजारी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ते फोर्जिंगला होते आणि मी स्टोअरला, म्हणून कंपनीच्या एकाच बसनं जायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसातल्या शेडमध्ये छोटी भट्टी मांडली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे तुकडे तापवायचे, रुळाच्या तुकड्यावर ठोकायचे आणि त्यातून सुऱ्या काढायच्या, हा उद्योग. घर जैनांचं. त्यामुळे सुरी देण्याआधी प्रश्न ठरलेला, "काय चिरणार?"

"भाजीच की," मी म्हणालो.

"रविवारी तुमचा रस्सा भिंतीवरनं आमच्यात येतोय. मला नाक हाय."

आता कोल्हापुरात राहून ही अट पाळणारं गिऱ्हाईक कुठून आणायचं, तुम्हीच सांगा. मला ती सुरी कधीच मिळाली नाही.

मग अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेला. अक्का बोलायच्या त्या विळीवर बसूनच, आणि भरपूर बोलायच्या. आता सून चिरायची आणि त्या बाजूला बसून राहायच्या. हळूहळू बोलणंही आटलं. एकदा अर्ध्या ताटावरून उठल्या. "नुसतं बसून किती खाऊ?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून अण्णांनी डाव्या हाताची सुरी घडवायला घेतली. मूठ वर, पातं खाली आणि अर्धगोल. नुसतं दाबून झुलवलं की चिरलं पाहिजे.

पहिलं तापलेलं पातं कडक करायला तेलात बुडवताच तडकलं. दुसरंही तडकलं. एरवी ते हसून नवा तुकडा घेत, आता नुसते बघत बसले. पोलाद तेलात कधी घालायचं ते त्याच्या रंगावरून ठरतं, आणि उन्हाच्या उजेडात तो रंग फिका दिसतो, मग पातं जास्त तापतं आणि तेलात तडकतं. कारखान्यात आत अंधार असायचा. घरी संध्याकाळी करावं तर नेम आडवा येई. दिवस मावळल्यावर जाळ करायचा नाही, किडे येऊन पडतात.

"अंधार पायजे आन् रात नगं," ते म्हणाले. "कसं जमायचं?"

दारात बसलेल्या अक्का बऱ्याच दिवसांनी बोलल्या, "अवो, मग दुपारीच करा की अंधार. माझ्या वाकळा हायत न्हवं?"

जुन्या लुगड्यांच्या, त्यांनीच हातानं शिवलेल्या वाकळा. आम्ही त्या ओल्या करून शेडभोवती टांगल्या. ती दुपार मला अजून स्वप्नात पडल्यासारखी वाटते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत टाक्यांच्या भोकांतून उजेडाचे बारीक ठिपके पडले होते. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. पातं लाल झालं, मग केशरी होत गेलं, आणि त्याच्याखेरीज जगात दुसरं काही उरलं नाही. अक्का आत येऊन बसल्या होत्या. तो रंग त्यांच्या तोंडावर पसरला होता आणि अण्णांची नजर सारखी तिकडे जात होती. मला फार बरं वाटत होतं.

"आत्ता," अण्णा पुटपुटले. तेल फसफसलं. आम्ही तिघंही कान देऊन बसलो. काही तडकलं नाही.

मूठ बसली, धार लागली आणि अक्कांनी दोडका चिरला. एक फोड बोटाएवढी, तर एक कागदासारखी.

"मापात न्हाईत," अण्णा म्हणाले.

"तुमची पाती तरी पयल्या झटक्यात कुठं जमली हुती?" अक्कांनी सुनावलं. पुढे जेवण होईपर्यंत त्या बोलतच होत्या.

अण्णा गेल्याला आता वर्ष होत आलं. परवा गेलो तेव्हा अक्का सगळा भार टाकून भेंडी चिरत होत्या. सुरी पार बोथट झाली होती. मी म्हणालो, "द्या इकडं, धार लावून आणतो."

त्यांनी सुरी पदराखाली घेतली. "नगं. धार लावली की पातं झिजतंय. त्येंनी केलेलं तेवढं कमी हुतंय."

भेंडीचा पार लगदा झाला होता. जेवताना मी ती भाजी दोनदा मागून घेतली.