लॅपटॉपची अमावस्या

चिकलठाण्यापासून पैठण गेटपर्यंत सगळं शहर हुडकलं असतं, तरी तापलेल्या मशिनीची दया येणारं माणूस एकच निघालं असतं, आणि ते माझ्या घरात होतं. माझी बायको. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भर उन्हात लॅपटॉपखाली ठेवायचा पंखा आणायला गेलो ते. दुकानदार त्याला कूलिंग पॅड म्हणतात. साधं म्हणतोय खरं, पण तिच्यासंगं साधं काम कधी झालंय? ज्या रिक्षानं निघालो ती रिक्षाच तिनं जालना रोडला एका झाडाखाली थांबवली. खाली उतरली, मागं जाऊन इंजनाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणली, "दम खाऊ दे रे हिला." रिक्षावाला म्हणला, "मावशी, नवी गाडी हाय, काय होत नाय तिला." ही म्हणली, "नवी हाय म्हून मारून टाकतो का?" बिचारा बाटली काढून पाणी प्यायला लागला. तेव्हा कुठं तिचं त्याच्याकडं ध्यान गेलं. "आन तू काहून इतका घामेजलास?" म्हणजे आधी रिक्षा, मग माणूस. माझी पाळी त्याच्यानंतर. एवढ्या वर्षांच्या संसारात माझा नंबर कधी वर सरकला नाही.

माहेर तिचं फुलंब्रीकडचं, मेंढरांचं घर. बाप तिचा अंधारात नुसता पाठीवरून हात फिरवून सांगायचा म्हणे, कोणत्या मेंढीला ताप आहे. तो हात हिला आला. पण माझ्या घरी मेंढरं नव्हती, बैल होते, पुढं बैलही गेले. मग तो हात फिरायचा कशावर? फ्रिजच्या पाठीवर, टीव्हीच्या पाठीवर, पाण्याच्या मोटारीवर. चटणी वाटायला घेतली की मिक्सर एकदा घुर्र करायचा आणि मग ही हात पुसून त्याच्यापुढं बसून राहायची. मी ताटावर. भाकरी गार होत चाललेली. "अगं, चटणी?" म्हणलं की म्हणायची, "थांबा की जरा. धापा टाकतोय तो." धापा मी टाकत होतो भुकेनं, पण माझ्या पाठीवर कोण हात ठेवतो? आता तो मिक्सर दिवसदिवस गार पडलेला असतो. हवा तेवढा दम खातो.

जिथं आमचं रान होतं तिथंच आता आमची बिल्डिंग आहे. प्लॉटिंग आलं, रान गेलं, त्यातच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. विहीर होती तिथं पार्किंग झालं. गोठा होता तिथं लिफ्ट आली. गोठ्याच्या दाराशी दांडगा कडूलिंब होता, तो बिल्डिंगवाल्यानं सगळ्यात आधी पाडला. गोठ्याच्या जागी आली म्हणून असेल, पण त्या लिफ्टवर हिचा फार जीव. लिफ्ट खाली आली, कोणी बाहेर पडलं, की ही दुसऱ्याला आत जाऊ द्यायची नाही. "आत्ताच आलीय बिचारी, लगेच नका फिरवू तिला." आणि स्वतः भाजीची पिशवी घेऊन जिन्यानं वर. गुडघे हिचे दुखायचे आणि दया लिफ्टची यायची. खालच्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई राहतात. त्या एकदा म्हणल्या, "काकू, लिफ्ट विजेवर चालते, तिला कसलं दमणं?" ही म्हणली, "मी भाकरीवर चालते. म्हून मी दमत नाय का?" त्या दिवशी त्याही जिन्यानंच वर आल्या.

आता लॅपटॉपचं सांगतो. आमचा मुलगा बाळू पुण्याला नोकरीला आहे. कॉलेजात असताना गेम खेळायला म्हणून त्यानं एक थोराड लॅपटॉप घेतला होता. मांडीवर घ्यायची वस्तू म्हणतात, पण हा मांडीवर घेतला तर माणूस परत उठायचा नाही. नवा घेतल्यावर बाळूनं हा इथं आणून ठेवला, आणि एका दिवाळीत आईचा जीव रमावा म्हणून त्यात शेतीचा गेम लावून दिला. त्यात रान असतं, ट्रॅक्टर असतो. नांगरायचं, पेरायचं, पीक काढायचं. मी म्हणलो, "खोटं रान, खोटं पीक. पोटात काय जाणार?" ती पडद्यावरची रानं बघत बसली. एकावर बोट ठेवलं. बाळू म्हणला, "आई, ते नको घेऊस, लई वाकडं आहे." ही म्हणली, "बांधाला लिंब हाय की." कुठल्या परदेशातलं झाड होतं देव जाणे, मला तर पानंही तसली दिसत नव्हती. पण तिनं लिंब म्हणलं म्हणजे लिंब.

तिथून पुढं दुपारची ती घरात नसायची. शेजारणीनं दारातून विचारलं, "काकू, काय चाललंय?" की आतून आवाज यायचा, "गहू पेरतेय, मागून ये." मी पेपर तोंडापुढं धरून तिच्या मागं बसायचो. पेपर काय मला पटापटा वाचता येत नाही, म्हणून मधूनमधून पडद्याकडं बघायचो, एवढंच. नांगरायच्या, पेरायच्या, काढायच्या अशा सगळ्याच मशिनींना ती ट्रॅक्टर म्हणायची, आणि दोन फेऱ्या झाल्या की थांबवायचीच. बाळू फोनवर ओरडायचा, "आई, तो दमत नसतो गं!" ही म्हणायची, "तुला येऊन सांगितलं का त्यानं?" काम संपलं की ट्रॅक्टर लिंबाखाली, सावलीत उभा करायचा आणि मगच लॅपटॉप मिटायचा. एकदा मी जेवायची घाई केली तर म्हणली, "त्याला उन्हात टाकून तुमच्या ताटात काय वाढू?"

आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत, त्या दिवशी बैलांना सुट्टी. मग लॅपटॉपलाही सुट्टी. अमावस्येला त्याला उघडायचं नाही, नुसतं पुसायचं आणि फडकं घालून ठेवायचं. इथवर ठीक होतं. पोळ्याला घोटाळा झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळतात, तर हिनं लॅपटॉपचे खांदे हुडकायला घेतले. मागच्या बाजूनं जिथून गरम वारा निघतो तेच खांदे, असं ठरवलं आणि तिथं लोणी-हळद चांगली जिरवली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा निवद दाखवला. पुढं थोड्याच दिवसांत लॅपटॉप तापानं फणफणला. दुरुस्तीवाल्यानं खोलला, आत डोकावला, बराच वेळ वास घेत राहिला आणि मला म्हणला, "काका, यात काय सांडलंय?" मी काय सांगणार? म्हणलो, "सण होता."

त्यानं साफ करून दिला, पण तेव्हापासून त्याची तब्येत नाजूकच राहिली. हिवाळा निभला. उन्हाळा लागला तसा तो पुन्हा तापायला लागला. तिकडं रानात गहू काढणीला आलेला. अर्धं रान काढून झालं आणि लॅपटॉप फूं करून बंद. गार करून लावला, पुन्हा बंद. दुरुस्तीवाला म्हणला, असाच तापत राहिला तर एक दिवस उठणारच नाही, आतलं सगळं जाईल. खाली मोठा पंखा घाला. बाळूला फोन लावला तर तो म्हणला, "जाऊ दे ना आई, जुनं झालंय ते डबडं. टाकून दे." तिनं फोन ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणली, "एक रान गेलं, तवा मी काय बोलले का? हे नाय जाऊ देणार." खरं होतं. रान गेलं त्या दिवशी तिनं कागदावर अंगठा दिला, घरी आली आणि भाकरी टाकायला बसली. म्हणून त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं चपला घातल्या. फक्त एवढं म्हणलो, "आज अमावस्या हाय. आज नवी वस्तू आणायची का?" म्हणली, "वस्तू कुठं? औषध हाय ते. औषधाला कसली आलीय अमावस्या?"

लॅपटॉप तिनं गोधडीत गुंडाळून नेला होता. पैठण गेटजवळच्या दुकानात ती गोधडी काउंटरवर ठेवली तेव्हा दुकानदार दोन पावलं मागं सरला. आत काय आहे ते कळल्यावर हसला. "आओ अम्मा, बैठो." पहिला पॅड काढला त्याला निळे-तांबडे दिवे. "ये देखो, छे पंखे, लाइटिंग भी है." ही म्हणली, "मला काय गणपती बसवायचाय?" दुसऱ्यावर लॅपटॉप ठेवला तर तो दोन्हीकडून बाहेर आला. "पाय गव्हाणीच्या बाहेर लोंबतेत याचे. दांडगं काढ." तिसरा मापाला बरोबर होता, पण त्याचे पंखे कडेला. तिनं लॅपटॉप उताणा केला, बोटांनी चाचपत मधली जाळी हुडकली. "नाक इथं हाय त्याचं. तू वारा कानात घालतो." चौथा दुकानदारानं लई कौतुकानं काढला, वायर लावून चालू केला. "एकदम सायलेंट है अम्मा. चालू है के बंद, पता भी नै चलता." तिनं कान लावला. बराच वेळ लावला. आणि परत सरकवून दिला. "मुका हाय हा. मुक्याचं काय दुखतंय ते कळत नाय. बोलणारा दे."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, मी रस्त्याकडं बघितलं. शेवटी त्यानं माळ्यावरून एक धुळकट खोकं काढलं. नुसती लोखंडी जाळी, मधोमध एकच मोठा पंखा, दिवाबिवा काही नाही. लावला तर सगळं दुकान घुंऽऽ करायला लागलं. "ये तो लोग वापस लाके देते अम्मा, आवाज बहोत है." तिनं जाळीवर तळवा ठेवला, वाऱ्यानं पदर हलला आणि तिच्या तोंडावर बाजारात मनाजोगतं जनावर सापडल्यासारखं हसू आलं. "हाच. बघा कसा श्वास घेतोय." दुकानदार म्हणला, "एक बार लॅपटॉप चालू करके देख लो." "आज नाय. आज सुट्टी हाय." "किसकी?" "त्याची." दुकानदारानं थोडा विचार केला आणि म्हणला, "हौ अम्मा, बराबर है."

बिल्डिंगपाशी आलो तर लिफ्ट नुकतीच खाली आलेली. पुढचं सांगायला नको. गोधडी माझ्या खांद्यावर, खोकं तिच्या काखेत, असे जिन्यानं निघालो. मधल्या वळणावर ती पायरीवर बसली. मी विचारलं, "दमलीस का?" म्हणली, "छे. तुम्ही दमलात म्हून बसले." दारात आल्यावर नव्या जनावराच्या पायावर घालायला तिनं तांब्या आणला. मी ओरडलो, "पाणी नको गं, करंट असतो त्याला!" मग भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि त्याला घरात घेतला. संध्याकाळभर फडक्याखालच्या लॅपटॉपकडं बघत होती. "ट्रॅक्टर मधीच उन्हात उभा हाय. उद्या सकाळी आधी त्याला सावलीत घेते, मग गव्हाचं बघू." मी म्हणलो, "एव्हाना तिथंबी दिवस मावळला असंल की." माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखं बघून म्हणली, "लॅपटॉप बंद हाय ना. बंद पडला तवा ऊन होतं. उघडस्तोवर ऊनच."

त्या रात्री ती झोपेतच गेली. आवाज केला नाही.

सकाळी माणसं जमली. बाळू पुण्याहून निघाला होता, तो येईस्तोवर थांबायचं होतं. बाया आत तिच्यापाशी बसल्या होत्या. लिफ्ट सारखी खालीवर, खालीवर चालली होती आणि तिला थांबवणारं कोणी नव्हतं. मी उठलो. फडकं काढलं, लॅपटॉप गॅलरीत नेला, खाली तो पंखा घातला आणि वायर लावली. घुंऽऽ सुरू झालं. आतून कोणीतरी म्हणलं, "काय वाजतंय ते? बंद करा." मी म्हणलो, "तिचं आहे. वाजू द्या." रान उघडलं. अर्धा गहू उभा, मधोमध ट्रॅक्टर आणि वर ऊन, ती म्हणली होती तसंच. पुढं कशानं जातं आणि वळतं कशानं, एवढंच मला पेपराआडून कळलं होतं. वाकडातिकडा गेलो, उभ्या गव्हातून गेलो, बांधाला धडकलो. मधी थोडं थांबलो, दम खाऊ दिला. मग लिंबाखाली नेला आणि सगळा सावलीत येईपर्यंत मागंपुढं करत राहिलो. लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून बघितला. तापला नव्हता. मिटला, वर फडकं घातलं आणि आत गेलो. बायांनी जागा करून दिली. तिच्या उशाशी बसलो आणि म्हणलो, "आणला गं सावलीत."